‘थोडे पैसे टाक आणि मोठी घे’ म्हणणाऱ्यांना

नाशिकमध्ये कुणी कामावर जायला स्कूटर घ्यायचे ठरवले की सल्ला तयारच असतो. दीर, मेहुणा, शेजारचे काका, खात्यातला सुपरवायझर, शोरूममधला मुलगा, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : ‘एकदाच घेते आहेस ना, मग थोडे पैसे टाक आणि मोठी घे.’ त्यामागे कारणांची माळ असते. छोट्या गाडीला पिकअप नसतो. छोटी गाडी बायकांची. ती डबलसीट ओढत नाही, मोठ्या रस्त्यावर धोक्याची असते. दोन वर्षांत कंटाळा येतो आणि विकायला काढली तर कुणी विचारत नाही. सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणाऱ्याला आपला हिशेबच कोता वाटू लागतो.

या सल्ल्याचा मला राग येतो. तो का, तेही सांगते. कामगारांच्या एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी बसते. वाहन कर्जाचे अर्ज समोर येतात. अंबडला पॅकिंगवर काम करणारी बाई, सातपूरला ठेकेदाराकडे लागलेला मुलगा, कॉलेज रोडच्या दुकानात बिलिंग करणारी मुलगी. हातात येणारा पगार पंधरा-अठरा हजार. कित्येक अर्जांवर आधी लिहिलेली रक्कम एका रेघेने खोडून वर दुसरी, मोठी रक्कम लिहिलेली असते. कधी शाईचा रंगही वेगळा असतो. खालची रक्कम तिने घरी बसून, पगार आणि घरभाडे समोर ठेवून काढलेली असते. वरची शोरूममध्ये जाऊन आल्यावरची. या दोन आकड्यांमधल्या फरकाला आपण ‘थोडे पैसे’ म्हणतो.

आता ही कारणे एकेक करून बघू. आधी ताकद, कारण तिच्याबद्दलच सर्वांत जास्त बोलले जाते.

नाशिकमधल्या बहुतेक नोकरदारांचा रस्ता केवढा? सिडकोतल्या पवननगर-उत्तमनगरमधून सातपूर एमआयडीसी पाच-सहा किलोमीटर. पंचवटीतून अंबड दहाच्या आसपास. नाशिक रोडहून सातपूर पंधरा धरा, शहरातल्या रोजच्या प्रवासात तो लांबचाच म्हणायचा. या रस्त्यांवर सकाळी साडेआठला द्वारका, मुंबई नाका, सीबीएस, त्र्यंबक रोडवरचे एबीबी सर्कल, नाहीतर पपया नर्सरीचा चौक ओलांडून दाखवा आणि मग सांगा, किती वेगाने गेलात? तीस? चाळीस? सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी उकरलेल्या रस्त्यांवर तेवढाही मिळाला तर नशीब.

ताशी ४० किलोमीटरचा वेग सपाट रस्त्यावर टिकवायला, एक माणूस बसलेल्या स्कूटरला चाकाशी साधारण १ अश्वशक्ती लागते. बेल्टमध्ये वाया जाणारी ताकद धरा, मागे माणूस बसवा, पुढे पुलाचा चढ आणा. तरी दोन-तीन अश्वशक्तीत काम भागते. ८७.८ सीसीची स्कूटी पेप प्लस पाचाच्या वर देत होती. आजची ११० सीसीची कुठलीही साधी स्कूटर साडेसात ते आठ देते. म्हणजे जिला ‘छोटी’ म्हणून नाक मुरडले जाते तिच्यातही गरजेच्या दुपटीहून जास्त ताकद पडून आहे. १२५ घेऊन त्यात आणखी एखाद-दीड अश्वशक्तीची भर घातली, तर ती वापरणार कुठे? गरवारे पॉइंटच्या सिग्नलला?

आणि आपली आठवण इतकी तोकडी कशी? १९७२ साली आलेला बजाज चेतक आठवा. १४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ताकद साडेसात अश्वशक्ती. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या त्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबले. आई-बाप, मागेपुढे दोन मुले आणि पायाशी पिशवी असा सगळा संसार त्या साडेसात अश्वशक्तीने वाहिला. तिला कुणी कमजोर म्हटले नाही. १९८४ मध्ये आलेली कायनेटिक होंडा ९८ सीसीची होती. बटणावर सुरू होणारी आणि गिअर बदलायला न लावणारी ती स्कूटर कारकुनांनी, प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी चालवली. होंडाची पहिली ॲक्टिव्हा १०२ सीसीची. आणि त्याच १९७२ साली नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लूना तर ५० सीसीची. तिच्यावर शिक्षक, पोस्टमन, दूधवाले आणि विमा एजंट गावोगाव फिरले. आज ११० सीसीत चेतकाएवढी ताकद मिळते, पेट्रोल कमी लागते, धूर कमी होतो, बटण दाबले की गाडी सुरू. तरी ती ‘छोटी’! ती छोटी कधी झाली? रस्ते लांबले की माणसे जड झाली? तसे काहीच झालेले नाही. कंपन्यांनी वरच्या किमतीची मॉडेले आणली आणि आपण खालच्या मॉडेलकडे बघायची नजर बदलून घेतली.

‘बायकांची गाडी’ या शेऱ्याला खरे तर उत्तर देऊ नये. पण तो पुरुषांच्या निवडीवर रोज परिणाम करतो, म्हणून देते. ज्या मुलाला सहा किलोमीटरवर कामाला जायचे आहे, तो मित्र हसतील म्हणून दीडशे सीसीची मोटरसायकल घेतो आणि छत्तीस महिने हप्ता भरतो. हसणाऱ्या मित्रांपैकी एकही त्या हप्त्यात रुपया घालत नाही. पंचवटीत मार्केट यार्डाबाहेर पहाटे उभे राहून बघा. टीव्हीएस एक्सएलवर मागे कोथिंबिरीच्या जुड्यांची गोणी, पुढे टोमॅटोचे क्रेट, आणि मधे पन्नाशीतला शेतकरी. शंभर सीसीच्या आतली, नव्वद किलोच्याही आतली गाडी. त्या माणसाचे पुरुषपण कुणी तपासायला जात नाही, कारण तो काम करतो आहे हे दिसते. मग कारखान्यात जाणाऱ्याने ते का सिद्ध करायचे?

आणि बायकांची असली तर? अंबड-सातपूरच्या असेंब्ली लाइनवर, पॅकिंगमध्ये, दवाखान्यांत, शाळांत, बँकांत या शहरातल्या हजारो बायका रोज कामावर जातात. त्यांना सोयीची असणे हा गाडीचा दोष कसा? उलट ज्या गाडीला ‘लेडीज’ म्हणून बाजूला सारले जाते, तिच्यात जे आहे ते प्रत्येकाला हवे असते : बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकणे, आणि गाडी हाताने हलवता येणे.

या हलवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सल्ला देणारे इथे कधीच उभे राहिलेले नसतात. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा कंपनीच्या पार्किंगमध्ये जा. पत्र्याच्या शेडखाली गाड्या एकमेकींना चिकटून लावलेल्या असतात, निम्म्यांचे हँडल लॉक. आपली गाडी मधे अडकलेली. आधी शेजारची गाडी मागच्या दांड्याला धरून वीतभर उचलून सरकवायची. मग आपली मेन स्टँडवरून उतरवायची, खडीत रुतलेले पुढचे चाक सोडवायचे, हँडल वळवून, कमरेचा टेकू देऊन मागे ओढायची. हे सगळे आठ तास उभे राहून काम केलेल्या पायांनी. पाच फूट उंचीची, पंचेचाळीस-पन्नास किलोची बाई ९५ ते १०५ किलोची गाडी ओढू शकते. १३० किलोची ओढताना तिला वॉचमनला हाक मारावी लागते, आणि ती हाक रोज मारावी लागते. घरी पोचल्यावर पुन्हा तेच. सिडकोच्या जुन्या योजनांतली घरे बघा. गल्लीपेक्षा ओटा उंच, त्यावर चढवायला सिमेंटचा अरुंद उतार, आणि गाडी रात्री आत घ्यायलाच हवी, कारण बाहेर ठेवली तर पेट्रोल जाते नाहीतर आरसा. हे पंचवीस-तीस किलो वजन म्हणजे ‘दमदार बॉडी’, असे शोरूममध्ये सांगतात. ते सांगणाऱ्याला ती गाडी एकदा त्या उतारावरून चढवायला लावावी.

मोठी गाडी सुरक्षित असते, हा पुढचा मुद्दा. लोक तो मनापासून मानतात, म्हणून त्याच्याशी नीट बोलले पाहिजे. ट्रक अंगावर आला तर दहा किलो जास्तीचा पत्रा वाचवत नाही. दुचाकीवर डोके वाचवते ते हेल्मेट, आणि हाडे वाचवतो तो कमी वेग. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला किमान एका लिव्हरवर दोन्ही चाकांचे ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. स्वस्त मॉडेललाही ती असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकच्या पोलीस आयुक्तालयाने ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू केली, तेव्हा पंपाच्या कोपऱ्यावर एकमेकांचे हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे लोक आपण पाहिले. लाखाची गाडी घेतलेला माणूस हजाराच्या हेल्मेटसाठी दुसऱ्यापुढे हात पसरतो, आणि तोच आपल्याला सुरक्षिततेसाठी मोठी गाडी घ्यायला सांगतो! खरे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी विकताना मानकाचे हेल्मेट देणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ते मागा. मोठ्या मॉडेलवर टाकायच्या पैशांतला अगदी छोटा भाग दुसऱ्या चांगल्या हेल्मेटवर टाका, मागे बसणाऱ्यासाठी.

छोट्या स्कूटरविरुद्धचा एकच आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो सल्ला देणाऱ्यांच्या तोंडून क्वचितच येतो. तो चाकाचा आहे. दहा इंची चाक नाशिकच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांत वाईट आपटते. खड्डा पाण्याने भरलेला असला की त्याची खोली दिसत नाही, आणि लहान चाक त्यात पूर्ण उतरते. पुढे बारा इंची चाक आणि टेलिस्कोपिक शॉकअप असेल तर तोच खड्डा बराच सुसह्य होतो. पण ही सोय १२५ ची मिरास नाही. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरना पुढे बारा इंची चाक आहे, काहींना मागेही. मग शोरूममध्ये हा प्रश्न आधी का विचारला जात नाही? ब्लूटूथ आहे का, मीटर डिजिटल आहे का, रंग मॅट आहे का, हे विचारून होते. चाकाकडे कुणी वाकून बघत नाही. रोज त्र्यंबक रोडने जाणाऱ्याच्या मणक्याला ब्लूटूथचा काय उपयोग?

दुसरी एक गोष्ट मान्य करते आणि पुढे जाते. ज्यांना सिन्नरच्या मुसळगाव-माळेगावला, ओझरला किंवा गोंद्याला रोज जायचे आहे, त्यांचा रस्ता महामार्गाचा आहे. तिथे मागून येणारा ट्रक सत्तर-ऐंशीने येतो. त्यांनी १२५ घ्यावी, चांगल्या ॲव्हरेजची शंभर सीसीची मोटरसायकल घ्यावी, किंवा कंपनीची बस असेल तर तिने जावे. पण शहरातल्या किती जणांचा रोजचा रस्ता तो आहे? शिंद्याच्या टोलनाक्यापलीकडे वर्षातून दोनदा, शिर्डीला जाताना जाणाऱ्या माणसाने उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी महामार्गाची गाडी का घ्यावी? शिर्डीला एसटी जाते.

आता पैसे, म्हणजे माझे रोजचे काम.

‘फक्त वीस हजार जास्त’ असे म्हटले जाते. ते वीस हजार रोख देणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. ते कर्जात मिसळतात. १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतलेले वीस हजार म्हणजे महिन्याला सुमारे ६६५ रुपये आणि एकूण जवळजवळ चोवीस हजार. पण १२ टक्के तरी कुठे मिळतात? शोरूममध्ये टेबलावर बसलेला फायनान्सवाला ‘फक्त ८ टक्के’ सांगतो. तो फ्लॅट दर असतो. म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागते. एक लाखावर तीन वर्षांचे चोवीस हजार. घटत्या शिलकीवर मोजले तर तो दर साधारण साडेचौदा टक्के होतो. पतसंस्थेचा १२ टक्क्यांचा बोर्ड वाचून ‘तुमचं महाग आहे’ म्हणत उठून गेलेले सभासद मला माहीत आहेत. त्यांची चूक नाही. दर कोणत्या पद्धतीचा, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

शिवाय महाग गाडीवर किंमत एकटी वाढत नाही. महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीच्या पेट्रोल दुचाकीवर ११ टक्के एकरकमी कर आहे, आणि तो किमतीवर लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा किमतीच्या प्रमाणात वाढतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो छोट्या-मोठ्या दोन्ही गाड्यांना आहेच. त्यात ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ घुसते, जिला मोटार वाहन कायद्यात काही आधार नाही. मग सीट कव्हर, गार्ड, मॅट, टेफ्लॉन कोटिंग. मोठ्या मॉडेलवर ही सगळी यादीही मोठी होते. एक्स-शोरूम किमतीतला पंधरा हजारांचा फरक रस्त्यावर येईपर्यंत वीस होतो आणि हप्ते फिटेपर्यंत पंचवीसकडे जातो. पंधरा हजार पगाराच्या माणसाचा हा दीड-पावणेदोन महिन्यांचा पगार आहे. याला ‘थोडे’ म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

२२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. साध्या स्कूटरमागे सहा-सात हजार कमी झाले. ज्यांनी त्या दिवाळीत गाडी घेतली त्यांच्या हातात ते पैसे राहायला हवे होते. तेच पैसे दाखवून ‘त्याच बजेटमध्ये आता वरचं मॉडेल बसतं’ असे सांगण्यात आले. सरकारने दिलेली सवलत गिऱ्हाइकाच्या खिशात टिकू नये यासाठी एवढा आटापिटा?

हप्ता चुकला की काय होते, हे सल्लागारांना दिसत नाही. मला दिसते. पहिला महिना चुकतो तो घरातल्या आजारपणाने. दुसऱ्या महिन्यात दंड जोडला जातो. तिसऱ्याला जामीनदाराला पत्र जाते, आणि जामीनदार त्याच लाइनवर शेजारी काम करणारा असतो. मग दोघे डबा खाताना एकमेकांकडे बघत नाहीत. ६६५ रुपयांचा फरक बिघडलेल्या महिन्यात फार मोठा असतो. ज्या कर्जाला घराच्या हिशेबातून काढलेला मूळ आकडा असतो, ते कर्ज असे महिने निभावून नेते. खोडून वाढवलेले कर्ज तिथेच अडकते.

विजेच्या स्कूटरबाबतही हाच हट्ट नव्या शब्दांत चालतो. इथे मोठेपणा सीसीत मोजत नाहीत, ‘रेंज’मध्ये मोजतात. रोज अठरा-वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला दीडशे किलोमीटरच्या रेंजची गाडी विकली जाते. कशासाठी? विजेची स्कूटर किलोमीटरला साधारण २५ ते ३० वॅट-तास खाते. २ किलोवॅट-तासाची छोटी बॅटरी साठ-सत्तर किलोमीटर नेते, म्हणजे तिघांचा रोजचा प्रवास. ती जवळजवळ सव्वादोन युनिटांत भरते. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याच्या ५०० किलोमीटरला दोनशेच्या थोडे वर लागतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर दहा लिटर पिते, म्हणजे हजाराच्या वर. ही खरी बचत आहे, महिन्याला आठशे रुपयांची. पण तीच मोठ्या बॅटरीवर तीस-चाळीस हजार जास्त टाकून घालवायची? चाळीस हजार वसूल व्हायला या बचतीची चार वर्षे जातात. कायनेटिकनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेली ई-लूना पाहा. २ किलोवॅट-तासाची बॅटरी, शंभर किलोच्या आत वजन, आणि आली तेव्हा सत्तर हजारांच्या आत किंमत. सामान नेणाऱ्याला, गल्लीबोळांत फिरणाऱ्याला हे माप नेमके बसते. हे माप मांडणाऱ्या गाड्या वाढायला हव्यात.

आगीची भीती लोक बोलून दाखवतात आणि ती खोटी नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच शहरात कंटेनरमध्ये भरलेल्या विजेच्या स्कूटर पेटल्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम केंद्राने कडक केले. म्हणून घेताना नव्या मानकाचे प्रमाणपत्र असलेली, पासिंग झालेली गाडीच घ्यावी. आणि इथे ‘स्वस्त’ या शब्दाने कुणी फसू नये. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी गाडी कायद्याने मोटार वाहनात धरली जात नाही. तिला नंबर नाही, लायसन्स नाही. ती कॉलनीत भाजी आणायला ठीक. द्वारकेच्या चौकात ती नेऊ नये, आणि कुणी तिचा वेग गुपचूप वाढवून देतो म्हणाला तर त्या दुकानातून उठून यावे. मी छोट्या गाडीची बाजू घेते आहे, कायद्याबाहेरच्या गाडीची घेत नाही.

‘विकायला गेलीस तर कुणी घेणार नाही’ हे भविष्य तर रोज खोटे ठरते. जुन्या स्कूटींना, साध्या ॲक्टिव्हांना गिऱ्हाईक किती चटकन मिळते ते कुठल्याही जुन्या गाड्यांच्या दुकानात विचारा. नव्यासाठी पैसे नसतील तर जुनी जरूर घ्यावी, फक्त डोळे उघडे ठेवून. डावीकडचे बेल्टचे झाकण मेकॅनिककडून उघडून घ्या. बेल्टच्या आतल्या कडेला भेगा दिसतात का, रोलर एका बाजूने चपटे झाले आहेत का, ते बघा. चपटे रोलर हातात धरले की लगेच कळतात, गोल फिरतच नाहीत. पायाखालचा पत्रा रबरी मॅट उचलून तपासा, गंज तिथेच लपलेला असतो. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरवल्याचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पेठ रोडच्या आरटीओत गाडी नावावर करून घ्या, ‘नंतर करू’ म्हणू नका. एवढे पाहिलेली पाच-सहा वर्षांची जुनी छोटी गाडी हप्त्यावर आणलेल्या मोठ्या गाडीपेक्षा घराला जास्त साथ देते.

आणखी एक सल्ला मिळतो, तो जरा वरच्या मजल्यावरून : गाडी हवीच कशाला, बसने जा. सिटीलिंक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा मलाही आनंद झाला, आणि ती आणखी वाढावी असेच मला वाटते. पण वाहकांच्या संपाने ती कितीदा थांबली हे कामगारांना पाठ आहे. रात्री पाळी सुटल्यावर एक्सलो पॉइंटहून पंचवटीत जाणाऱ्या बाईने कोणती बस पकडायची? ज्या दिवशी याचे उत्तर मिळेल त्या दिवशी मी तिचा कर्जाचा अर्ज आनंदाने परत करीन. तोवर तिची स्कूटर तिची नोकरी टिकवते आहे. गाडी आल्यावर दुसरी पाळी घेता आलेल्या, दूरच्या पण जास्त पगाराच्या कंपनीत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणूनच या गाडीची निवड मला क्षुल्लक वाटत नाही.

राग त्याचाच आहे. गाडीमुळे जी कमाई वाढते, ती गाडीच्याच हप्त्यात जावी अशी व्यवस्था हा सल्ला करून ठेवतो. शंभर सीसीच्या खालच्या स्कूटर कंपन्यांच्या यादीत आता जवळजवळ उरलेल्या नाहीत. ‘मागणी नाही’ हे कारण दिले जाते. मागणी कशी राहील? मागायला आलेल्या प्रत्येकाला लाजवून वर ढकलले, तर खालच्या मॉडेलची विक्री पडणारच, आणि मग तीच पडलेली विक्री पुरावा म्हणून दाखवली जाणार. हलकी, कमी उंचीची, बारा इंची चाकांची, कुठलाही स्क्रीन नसलेली, साठ-पासष्ट हजारांत रस्त्यावर येणारी स्कूटर या राज्यात बनू शकत नाही, हे मला कुणी पटवू नये. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नगरमध्ये लूना बनली आणि ज्या आकुर्डीत चेतक बनला, ती गावे इथून चार-पाच तासांवर आहेत.

तेव्हा सल्ला देणाऱ्यांनो, पुढच्या वेळी कुणी मुलगी अर्ज घेऊन आली तर तिला तीन गोष्टी विचारा : रोज किती किलोमीटर जाशील, घरी गाडी कुठे लावशील, आणि महिन्याला किती हप्ता झोप न उडता भरू शकशील. उत्तरे ऐकून घ्या. त्यांत ११० ची साधी गाडी बसत असेल तर तीच तिची गाडी, आणि ती पुरेशी आहे. नोकरीला, भाजीला, मुलाला शाळेत सोडायला, आजारी सासूला सिव्हिल हॉस्पिटलात न्यायला, सगळ्याला. तिने घरी बसून काढलेल्या आकड्यावर रेघ मारू नका.